साडूंचे दोन साक्षीदार

एकट्या माणसाच्या सांगण्यावर कशावरही विश्वास न ठेवणारा जगातला एकमेव गृहस्थ वसईत राहतो आणि तो नेमका माझा साडू आहे. मेव्हणी स्वयंपाकघरातून "दूध उतू गेलं" म्हणाली, की हे बाहेरच्या खोलीतून शांतपणे विचारणार, "आणखी कोणी पाहिलं?" सांडोरची केळीवाली "गोड हायत" म्हणाली, तर हे शेजारच्या टोपलीवालीकडे बघत उभे, दोघींनी एकदम मान डोलावली तरच पिशवी उघडायची. लग्नाआधी मेव्हणीला बघून आल्यावर मुलगी कशी वाटली, हे यांनी आपल्या आईला आणि मावशीला वेगवेगळ्या खोल्यांत गाठून विचारलं होतं, असं माझी बायको सांगते. खरंखोटं देव जाणे, कारण साक्षीदार एकच आहे.

हे वेड त्यांना कामानं लावलं. युरोपात जमिनीखाली कणांवर कण आदळवणारं एक अवाढव्य यंत्र तेव्हा उभं राहत होतं. सेकंदाला कोट्यवधी टकरा होणार, त्या सगळ्या साठवायला जगातली कपाटं पुरायची नाहीत, म्हणून कुठली ठेवायची हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. लोखंडाच्या जाड भिंती पार करून सगळ्यात बाहेर पोचतात ते म्युऑन नावाचे कण. त्यांना टिपणाऱ्या पट्ट्या एकदम बोलल्या, म्हणजे त्यांनी एकाच क्षणी विजेचा इशारा दिला, की यंत्रानं ती टक्कर राखायची. याला ते ट्रिगर म्हणत. त्यातल्या काही पट्ट्या मुंबईच्या एका संस्थेसाठी साडू वालीवच्या भाड्याच्या शेडमध्ये तयार करत होते. हो, वालीवला, जिथे एरवी बिजागऱ्या आणि प्लास्टिकच्या बादल्या तयार होतात.

एकदा मी तिथे गेलो तर म्हणाले, "तळहात पुढे करा. आभाळातूनही म्युऑन पडत असतात. सेकंदाला एखादा तुमच्या हातातून आरपार जातोय." मी दचकून हात मागे घेतला. "डोक्यातूनही जातायत," ते म्हणाले, "तिथे तर अडण्यासारखं काहीच नाही." मी हसलो, पण परत येताना बसमध्ये सारखा तळहाताकडे बघत होतो. एवढं आभाळ आपल्यातून जातं आणि आपल्याला पत्ता नाही, या विचारानं मला खरोखर भरून आलं.

पट्टी तपासायची रीतही साक्षीदारांचीच. वर एक जुनी, खात्रीची पट्टी, खाली दुसरी आणि मध्ये नवी. वरची आणि खालची एकदम बोलल्या की घंटी वाजायची आणि मधलीचा दिवा लागायलाच हवा. नव्या पट्ट्यांचा दिवा एकदाही चुकला नाही. साडूंनी मुंबईला तसं कळवलं. पट्ट्यांबरोबर युरोपात जाऊन त्या स्वतःच्या हातानं बसवायच्या, हे त्यांचं आयुष्यातलं एकच स्वप्न होतं. त्यांचं नाव पक्कं झालं आणि त्यांनी आगाशीच्या बाजारातून एक जाडजूड स्वेटरही आणला.

शेजारच्या शेडमध्ये एक वेल्डर होता, मिठागराकडच्या गावचा. दुपारी हात धुता धुता तो सहज म्हणाला, "साहेब, एक इचारू? मी जेवाला बसलो ना, का तुमची घंटीपन जेवाला बसते."

एरवी साडूही त्याच वेळी जेवत; त्या दिवशी डबा बाजूला सारून ते घंटीसमोर मोजायला बसले. वेल्डिंगची ठिणगी पडली की तिच्या विजेच्या गोंगाटानं तिन्ही पट्ट्या एकदम ओरडत होत्या. वेल्डर जेवत होता तोवर घंटी फक्त खऱ्या म्युऑनला, म्हणजे बरीच कमी वाजली, आणि तेव्हा मधला दिवा कितीदा तरी लागलाच नाही. दोन साक्षीदार एकाच गोंगाटाला फसतात, हे त्या माणसाला त्या दिवशी प्रथम कळलं. खोकी भरून तयार होती. गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. त्यांनी त्याच संध्याकाळी मुंबईला फोन केला. "मी चुकीचं कळवलं होतं. पट्ट्या पाठवू नका."

दुरुस्तीला महिने लागले. वेल्डर बिचारा रोज दोन-दोन तास जेवत बसे. "पानी पितो अजून, तुम्ही मोजा," म्हणे. पट्ट्या सुधारल्या, पण तोवर साडूंच्या जागी दुसऱ्याचं नाव लागलं होतं. साडू गेले नाहीत. त्या दुसऱ्याच्या बॅगेतून त्यांचा स्वेटर गेला.

काही वर्षांनी यंत्राची जुळवणी तपासत असताना तिकडून निरोप आला. आभाळातला एक म्युऑन शंभर मीटर जमीन भेदून खाली उतरला होता आणि साडूंच्या पट्टीनं तो सांगितला होता. साडू मला घेऊन तडक वालीवला गेले. वेल्डरचे केस पिकले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "साहेब, तिकडं शेजारी कोन वेल्डिंग तर नव्हता ना करत?"

साडूंचे डोळे भरून आले होते. "नव्हता," ते म्हणाले. "दोघांना विचारून आलोय."