ह्यांच्या वर्गातलं कापड

मंडळी, दुपारपासून मन लागत नाहीये, म्हणून लिहिते.

आमचे हे मानखुर्दला पालिकेच्या शाळेत शिक्षक होते. जूनमध्ये वर्ग भरला की घरी आईला काय म्हणतात ते प्रत्येक मुलाकडून एका कापडावर लिहून घेत. अम्मी, माय, अम्मा, बा, आवस. ते कापड वर्षभर फळ्याशेजारी असे. हे गेल्यावर शेवटचं कापड मी कपाटात जपून ठेवलं.

शेजारची सायली बी.एड. करते. आज एका शाळेत आईच्या कवितेवर तिचा परीक्षेचा पाठ होता. "काकू, सरांचं कापड द्या ना, आणि तुम्हीपण चला," म्हणाली. मी मागच्या बाकावर बसले.

तिने कापड लावलं. पुढची एक मुलगी लगेच उठली, "टीचर, आमच्यात पण अम्मीच म्हणतात."

तेवढ्यात परीक्षक मॅडम म्हणाल्या, "हे काय गोळा केलंयस गं? भाषेच्या तासाला पुस्तकातला शब्द हवा. काढ ते."

सायलीने कापड उतरवलं. मार्क मॅडमच्या हातात होते. मीही गप्प बसले, याचंच जास्त लागलंय. ती मुलगी खाली बसली आणि तिने पुस्तक उघडलं.

परतताना सायली म्हणाली, "काकू, नोकरी लागली की माझ्या वर्गात नक्की लावीन."

मी हो म्हटलं. पण आज तिचा सराव झाला तो कापड काढायचा.

तुमच्या घरातला कुठला शब्द तुम्ही शाळेत कधीच बोलला नाहीत?