उतरलेल्या बॅटरीची शिट्टी

चैत्रातल्या एका मंगळवारी दुपारी भाऊ वारला. टेबलावर कन्व्हर्टर उघडा होता आणि त्याला बॅटरी जोडलेली होती.

भाऊ माझ्याहून मोठा. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत पंपांवर इलेक्ट्रिशियन होता. तिथल्या घरघरीत त्याचे कान गेले. बोलणं कळायचं, बारीक आवाज मात्र कळत नसे. नोकरी सोडल्यावर तो सावली गावी माझ्याकडे राहू लागला. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते.

अहेरीच्या पलीकडच्या एका दवाखान्यात लसींचा फ्रिज होता. फ्रिज चोवीस व्होल्टचा, आणि सौर पॅनेलवर भरणारी बॅटरी बाराची, तीही एकच. व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर भाऊनं बनवून दिला. आमच्या घरी तो नीट चालला होता. तिथे मात्र रात्रभर चालून पहाटे बंद पडू लागला.

आम्ही गेलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, लस गेली का मले डबा घेऊन अहेरीले जा लागते. तोपर्यंत बाया लेकरं घेऊन परत जातात जी. मंग येतच नाई."

भाऊ कन्व्हर्टर घेऊन परत आला. घरी आम्ही तो नेहमी भरलेल्या बॅटरीवरच तपासला होता. आता त्यानं जीपचा जुना दिवा जोडून बॅटरी उतरवली, म्हणजे बरीचशी रिकामी केली, आणि कन्व्हर्टर पुन्हा जोडून पाहिला.

"भाऊ, शिट्टी वाजून राह्यली," मी म्हणाले.

"कुठी? मले त काई आयकू येत नाई."

"कॉइलमधून."

"मागच्या बाकावरची कुजबुज पकडणारे कान हायेत तुये. पोरायचं काई खरं नाई."

मग आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक काढलं. कॉइलमधला करंट ठरलेल्या उंचीला पोचला की आतला स्विच बंद होतो, अशी कन्व्हर्टरची रचना; सेकंदाला हजारो वेळा तो असा चालू-बंद होतो, ती एकेक फेरी. बॅटरी भरलेली असेल तर स्विच प्रत्येक फेरीत अर्ध्याहून कमी वेळ चालू राहतो आणि एका फेरीत झालेला फरक पुढच्या फेऱ्यांत विरून जातो. बॅटरी उतरली की तो अर्ध्याहून जास्त वेळ चालू राहतो. मग फरक वाढत जातो, एक फेरी लांब आणि एक आखूड होते. एरवी कानाला न कळणारा कन्व्हर्टर त्यामुळे निम्म्या वेगानं, कानाला कळेल असा गाऊ लागतो आणि फ्रिजला पुरेशी वीज देऊ शकत नाही.

उपायही पुस्तकात होता. प्रत्येक फेरीत हळूहळू चढणारं थोडं व्होल्टेज करंटच्या मापात मिसळायचं. किती, ते प्रीसेटनं, म्हणजे पेचकसानं फिरवायच्या छोट्या खुंटीनं, ठरवायचं. कमी पडलं तर शिट्टी राहते. जास्त झालं तर करंट आधीच तुटतो आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर उठत नाही. करंटची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आमच्याकडे नव्हता. भाऊनं जोडणी केली, प्रीसेट बसवला, आणि त्या मंगळवारी सकाळी म्हणाला, "शाळेतून ये. तू आयकजो, मी फिरवतो."

तेरवी झाल्यावर मी कन्व्हर्टर पिशवीत घालून एकटीच गेले.

"भाऊ नाई आले?" सिस्टरनं विचारलं.

मी सांगितलं. त्या बाकावर बसल्या. थोड्या वेळानं उठून म्हणाल्या, "चहा ठेवतो."

त्या रात्री मी तिथेच राहिले. बॅटरीवर दिवा जळत ठेवला होता. सकाळी ती उतरली, तेव्हा मी कन्व्हर्टर जोडला. शिट्टी आली. भाऊचा लहान पेचकस घेऊन मी प्रीसेट फिरवत गेले. शिट्टी थांबली. आणखी थोडा फिरवला आणि सिस्टरना फ्रिज लावायला सांगितलं. कॉम्प्रेसर गुरगुरला, एकदा अडखळला, मग चालू राहिला. आम्ही बराच वेळ तो ऐकत उभ्या होतो. बाहेर एक बाई लेकरू घेऊन आली होती. सिस्टर तिला म्हणाल्या, "बस, लस आहे."

पुढे काही वर्षांनी तिथे वीज आली, फ्रिज बदलला. सिस्टरनं कन्व्हर्टर एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन मला परत पाठवला. तो माझ्या टेबलावर आहे. प्रीसेट मी हलवलेला नाही. उतरलेल्या बॅटरीवर तो अजून चालतो. शिट्टी वाजते की नाही, ते आता या वयात मलाही ऐकू येत नाही.