बिबड्यांपलीकडची तापी

पहाटेच्या तापीचे आणि तिच्या काठावरच्या जुन्या घरांचे पहिले चाळीस फोटो मी कॅमेऱ्यात कार्ड न घालता काढले. छान आले असणार.

"कार्ड?" बायकोने विचारलं. (ते जळगावला, घरच्या लॅपटॉपमध्ये सुखरूप होतं.) तिने पर्समधून दुसरं कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि एक शब्दही बोलली नाही. पंचवीस वर्षांत मी तिच्या बोलण्याला सरावलोय; न बोलण्याची मात्र अजून धास्ती वाटते.

पण माघार घेणं शक्यच नव्हतं. धुळ्याच्या एका वाचनालयाने 'नदीकाठची घरं' असं फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं, फोटो द्यायचा तो शेवटचा दिवस होता, आणि मी नातेवाइकांच्या ग्रुपवर उद्घाटनाचं आमंत्रण आधीच टाकून बसलो होतो. वरणगावच्या साडूंनी तर रजाही टाकली होती!

म्हणून चैत्रातल्या त्या सकाळी आम्ही शिंदखेडा तालुक्यात, बायकोच्या मावशीच्या गावी होतो. मावशींना सगळं गाव आक्का म्हणतं. गाव नदीच्या उंच काठावर पायरी-पायरीने चढत गेलेलं. घरं जुनी, धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपरांची. आणि चढ असा, की खालच्या घराचं धाबं थेट वरच्या गल्लीला भिडलेलं. गल्ली कुठे संपते आणि धाबं कुठे सुरू होतं, हे तिथल्या शेळ्यांनाही कळतं.

वरच्या गल्लीत मला एक कोरीव दार सापडलं. चौकटीवर मोरांची जोडी. अख्खं दार कॅमेऱ्यात मावेना, म्हणून मी एक पाऊल मागे गेलो. मोर आले, उंबरा राहिला.

"अहो, मागे बघा जरा."

"कोवळा उजेड चाललाय," मी म्हणालो आणि निर्धाराने आणखी चार पावलं मागे गेलो. पायांखाली काहीतरी मऊ लागलं. वसंत ऋतूचा स्पर्श, असं मनात येऊनही गेलं.

तेवढ्यात जिन्यावरून आक्का वर आल्या. मी त्यांच्याच धाब्यावर, ओल्या धोतरावर नुकत्याच थापलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, मधोमध उभा होतो. पहाटेपासून रटरटवलेलं ज्वारीचं घाटं, त्यात तीळ, लसूण, तिखट आणि आता माझे आठ नंबरचे बूट.

जावयावर ओरडायची आमच्याकडे पद्धत नाही. आक्का शांतपणे म्हणाल्या, "जावाईबापू, पाय तरी धुईसन येवाना व्हता."

"चुकलं, आक्का. मला वाटलं गल्लीच आहे."

"हाव ना. आम्ही बठ्ठा गल्लीमाच ऱ्हातस." त्यांनी घाट्याचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. "बसा आते. हात वल्ला करा. थापा."

"पण ऊन वर आलं तर माझा फोटो..."

"ऊन ते येवालेच पाहिजे. बिबडा कसा वाळतीन?"

मी आशेने बायकोकडे पाहिलं.

"थापा," ती म्हणाली. "कॅमेरा मी धरते."

पहिला बिबडा साक्री तालुक्याच्या नकाशासारखा झाला. आक्कांनी तो मोडायला लावला. ऊन चटकायला लागल्यावर त्यांनी एक ओलं पांढरं फडकं माझ्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली नीट खोचून दिलं. दोन तास मी वाकून थापत होतो. शेवटी कंबर धरून उठलो, हात धुतले आणि त्याच निर्धाराने म्हणालो, "दे कॅमेरा. ते दार काढतोच."

"बॅटरी संपली. तुमच्या पहिल्या चाळीसांत गेली सगळी."

कार्डावर एकच फोटो होता. तिने काढलेला. एकाखाली एक उतरत गेलेली धाबी, तळाशी चमकणारी तापी, आणि पुढे बिबड्यांवर वाकलेलं एक पांढरं फडकं. संध्याकाळी तोच धुळ्याला दिला. फॉर्मवर 'फोटो कोणी काढला' असा एक निर्दयी रकाना होता, तिथे तिचं नाव लिहिलं.

उद्घाटनाला सगळे नातेवाईक आले. प्रमुख पाहुणे त्याच फोटोपुढे बराच वेळ थांबले आणि गहिवरून म्हणाले, "घरं सुंदरच आहेत. पण या आजी! आयुष्यभराचे कष्ट दिसतात हो पाठीत."

मी चार फुटांवर, नवा शर्ट घालून उभा होतो. साडू खोकत बाहेर गेले.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला बायकोने चहा मागवला. मग म्हणाली, "मी काही पाहुण्यांची चूक सुधारली नाही. म्हटलं, आजींनी उतारवयात पहिल्यांदाच घरातल्या कामाला हात लावलाय, कशाला मोडता घाला."