सोललेल्या संत्र्याचा वास
संत्र्याच्या सालीचा वास आला की इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं. सेलूला आमचा तीन वर्षांचा मुलगा टायफॉइडनं अकरा दिवस निपचित पडला होता. त्याचे अब्बा दर नमाजनंतर त्याच्या कपाळावर हात ठेवून दुआ मागत, मी ओल्या फडक्यानं अंग पुसत असे. त्या दुपारी माझे थोरले चुलत दीर समुद्रपूरहून एसटीनं भेटायला आले. आजाऱ्याजवळ बसून सात वेळा शिफाची, म्हणजे बरं होण्याची, दुआ म्हणायची, ही आमची रीत. ती राहिली बाजूला. पोरासाठी आणलेली संत्री ते स्वतःच सोलून खाऊ लागले आणि म्हणाले, "सबर कर दुल्हन. मासूम लेकरं जन्नतच्या दारात उभी राह्यतात, मायबापाचा हात धरून आत नेतात." मूल गेल्यावर जे सांगायचं, ते हे श्वास घेणाऱ्या मुलाच्या उशाशी सांगत होते. सासूबाई मान डोलावत होत्या, नवरा खाली बघत होता. ज्यांच्यासमोर आजवर तोंड उघडलं नव्हतं त्यांना मी पदर सारखा करून म्हणाले, "भाईजान, माह्यं लेकरू जित्तं हाये. दुआ कराची असन त बरं व्हाची करा, नाई त तुमच्या एसटीचा टाइम झाला." त्यांनी हात धुतले आणि सातही वेळा दुआ म्हटली. मुलगा आता पन्नाशीला टेकलाय. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना माझा हात धरतो, आणि दर पायरीला मी त्या दिरांना मनातल्या मनात सुनावते, धरलाय बघा हात, इथंच.