झाडूच्या खोलीतली गव्हाण

खरं सांगते, यंदाच्या नाताळात मला प्रभूचं नावही घ्यावंसं वाटत नव्हतं. दिवाळीनंतर, सातव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. मी शुद्धीवर येईपर्यंत नवऱ्याने त्याला माती दिली होती. तोंडसुद्धा पाहिलं नाही मी त्याचं. आईने जालन्याहून शिवून पाठवलेली बाळंती पिशवीत गाठ मारून तशीच पडली होती.

सातवीत शाळा सुटलेली बाई मी. बंगळूरात, एचएसआर लेआउटमधल्या एका ऑफिसात साफसफाई करते. नोकरी जाईल या धास्तीने पंधरा दिवसांत कामावर आले. "आजारी होते," एवढंच सगळ्यांना सांगितलं; ढगळ युनिफॉर्मात पोट कुणाच्या नजरेत आलंच नव्हतं. चोवीस तारखेला रिसेप्शनपाशी झाड उभं केलं, चांदण्या लावल्या, पुठ्ठ्याचा सांता ठेवला. एका मुलीने माझ्या डोक्यावर लाल टोपी घातली, "दीदी, आपका फेस्टिवल है, स्माइल!" मी हसले. झाडाखाली कुणीतरी मातीची गव्हाण ठेवली होती, आत उघडं बाळ. साहेब म्हणाले, "ये धार्मिक वाला हटा दो, बाकी रहने दो." वाईट वाटायला हवं होतं. मला तर सुटल्यासारखं झालं. त्या बाळाकडे बघवत नव्हतं. गव्हाण उचलली आणि झाडूच्या खोलीत फिनेलच्या डब्यांमागे लोटून दिली.

जेवणाच्या सुट्टीत आत गेले तर रत्नाक्का उकिडवी बसलेली. ही आमची मुकादम, बेळगावकडची, यल्लम्माची भक्तीण, कपाळाला रोज भंडारा.

"अय्यो, कुणी टाकलं गं लेकराला असं उघडं? देव असू दे नाहीतर कोण, थंडी वाजत्याच की!"

तिने संडासाची लाल फडकी बाजूला सारली, कोरं पिवळं फडकं काढलं, बाळाला गुंडाळलं, टाळू झाकली आणि माझ्या हातात दिलं.

"धर. मान सांभाळ."

मी बादलीला टेकून खाली बसले आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच रडले. रत्नाक्काने बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. "फरशी ओली आहे, स्वल्प थांबा अण्णा," असं कुणाला तरी सांगत होती.

प्रभूला जन्मतानाही कुठल्या घरात जागा नव्हतीच, म्हणून गव्हाणीत निजवला, हे लहानपणापासून ऐकत आले. मीही तेच केलं होतं, आणि तो त्या फिनेलच्या वासात माझी वाट बघत बसला होता. माझं बाळ का गेलं, ते अजून कळलेलं नाही. पण, "प्रभू, ते तुझ्यापाशी आहे, आता तूच त्याची मान सांभाळ," एवढं त्या दिवशी म्हणता आलं. त्याचे उपकार मानते, आणि रत्नाक्काचेही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस बंद, आम्हाला मात्र ड्यूटी. घरून निघताना पिशवीची गाठ सोडली, एक बाळंतं बरोबर घेतलं. झाडूच्या खोलीत आईच्या हातच्या बाळंत्यात त्याला गुंडाळलं. रत्नाक्काने टाके बोटांनी चाचपून पाहिले.

"सरी, ठीक हाय," ती हळूच म्हणाली, "आता निजू दे."