टिळेसरांचा दोरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. टिळेसर गेल्याचा फोन आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. महिना होत आला, अजूनही तसंच वाटतं...

नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते भूगोलाचे विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. माणूस कुजकट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विभागात संगणक आला, संगणकावर नकाशे करायचं जीआयएस आलं, मी पडद्यावर नकाशे रंगवायला लागलो, तेव्हा पोरांदेखत म्हणाले, "या, रंगारी!" त्यांची व्याख्या ठरलेली. "जागा इकडची तिकडे केली आणि उत्तर बदललं, तरच ते अवकाशीय विश्लेषण. एरवी नुसती यादी, फार तर रंगीत." संगणकाला ते हात लावत नसत. खिशातला पांढरा दोरा काढायचे, नकाशावरच्या वाटेवर वळणावळणानं बसवायचे, मग ताणून पट्टीवर मोजायचे.

सुरगाण्याकडे दवाखाना कुठे असावा, ते सुचवायचं काम माझ्याकडे आलं. मी एका जागेभोवती वर्तुळ काढलं. आतली गावं जवळची, बाहेरची लांबची. सरांनी दोरा टाकला. वर्तुळातल्याच एका पाड्याची वाट नदीला वळसा घालून पार बाहेर जात होती.

"बाळंतीण उडत येणार आहे का रे तुझ्याकडे?"

पोरं हसली. सरांचं खरं होतं, मला त्याच क्षणी कळलं. पण ते हसणं डोक्यात गेलं... काम माझ्या नावावर होतं, सरांची सही लागत नव्हती. मी नकाशा तसाच पाठवला. दवाखाना तिथेच झाला.

पुढे एका पावसाळ्यात सर मला त्या पाड्यावर घेऊन गेले. नदी दोन्ही काठ भरून. एक म्हातारा पुढे आला. "पूल बांधाया आलं का, सायेब? दवाखाना हितून दिसतो, पन जाता नाय येत. सून वाटंतच गेली माझी."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी चपलेचा चिखल काढत राहिलो. परतीच्या एसटीत ते चकार शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. त्या गप्प बसण्याबद्दलही मी त्यांचा रागराग केला.

आता विभाग माझ्याकडे आहे. संगणक सुरू करण्याआधी मी पोरांच्या हातात दोरा देतो. कुणाकडून शिकलो, ते सांगत नाही. सरांचं मी काही देणं लागत नाही. जे शिकवलं ते त्यांनी अपमानात वसूल केलं.

म्हाताऱ्याचं लागतो. वर्तुळ मी काढलं होतं, आणि ते चूक आहे हे मला माहीत होतं, एवढं त्याच्या दारात जाऊन सांगायचं आहे. अजून गेलेलो नाही.