साडभाऊंचे बारा किलो

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या साडभाऊंइतका मनापासून जेवणारा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असं वाटत नाही. पंगतीत वाढणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं हा त्यांच्या लेखी घरच्या लक्ष्मीचा अपमान. रोडग्यांच्या कार्यक्रमाला गेले, की गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा चुरून त्यात मावेल तेवढं तूप आणि न मावेल तेवढं वरण ओतायचे, सोबत वांग्याची भाजी, आणि शेवटी घाम पुसत म्हणायचे, "आता जरासं बरं वाटून राहिलं." एकट्याने खाणं तर पापच. एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला अर्धी कचोरी दिल्याशिवाय उरलेली अर्धी त्यांनी तोंडात घातल्याचं मी पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, दोन्ही किडन्या थकल्या. ताईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. साडभाऊ डॉक्टरांना म्हणाले, "माही घ्या, आजच घ्या." तपासण्या झाल्या, सगळं जुळलं, आडवं आलं ते साडभाऊंचं वजन. आधी बारा किलो उतरवा, मग पाहू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यात मोबाइलवर त्यांना कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या नव्या रसायनाची बातमी सापडली. ते दिलेले उंदीर पूर्वीइतकंच खाऊनही बारीक झाले होते, कारण शरीर चरबी जाळून तिची नुसती उष्णता करत सुटतं. ‘पूर्वीइतकंच खाऊनही’ हे शब्द त्यांनी मला फोनवर तीनदा वाचून दाखवले. मी अमरावतीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे जगातल्या सगळ्या रसायनांची जबाबदारी माझीच, असा त्यांचा समज आहे.

"प्रोफेसर, त्या उंदरायले जेवाले काय देत होते?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"मंग कायचा अभ्यास! उंदराले आग्रह करणारी साळी असती, तं कसा बारीक झाला असता?"

मी म्हटलं, मे महिन्यात अकोल्यात राहणाऱ्या माणसाला आतून तापवणारं औषध कशाला? तर म्हणे, "अर्धे तं शिजलोच आहो, पुरे शिजू." त्यांनी त्या प्रयोगशाळेला चक्क मराठीत पत्रही लिहिलं: उंदीर सोडा, मला घ्या, मी जास्त दिवस पुरेन. उत्तर काही आलं नाही. मात्र व्यायामशाळेतल्या कुणा ओळखीच्याने, तेच रसायन म्हणून, पांढऱ्या भुकटीची एक बिननावाची पुडी आणून दिली.

आणि ती पुडी घेऊन हा गृहस्थ नांदगाव खंडेश्वरला रोडग्यांना आला! एकट्याने कशी खायची? मी पोहोचलो तेव्हा आंब्याखाली पाच-सहा जाडजूड मित्र कोंडाळं करून बसले होते, आणि साडभाऊ प्रत्येकासाठी चिमूट-चिमूट भुकटी कागदात बांधत होते. माझा आवाज चढलाच. "हे अजून माणसांवर धड तपासलेलं नाही. शिवाय पुडीत तेच आहे, हे तरी कोणी सांगितलं? यानं तुमचीच किडनी गेली, तर ताईंना काय देणार?"

साडभाऊंचा हात थांबला. "हे तं मले सुचलंच नाही," ते हळूच म्हणाले. मित्रांच्या हातातल्या पुड्या एकेक करून परत घेतल्या आणि सगळ्या माझ्या स्वाधीन केल्या.

मग पंगत बसली. वाढणारा आला, तसे साडभाऊंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. सगळी पंगत बघत राहिली. यजमान स्वतः उठून आले, हातापाया पडले, आणि शेवटी आग्रहाची रीत म्हणून म्हणाले, "एक तरी घ्या, तुमाले वहिनीची शपथ हाय."

"तिचीच शपथ हाय," साडभाऊ म्हणाले, "म्हून तं नाही म्हणून राहिलो."

त्या दिवसापासून ते पहाटे उठून चालतात. नऊ किलो गेले, तीन राहिलेत. परवा अकोल्याला, जठारपेठेतल्या त्यांच्या घरी गेलो होतो. ताईंनी त्यांना अर्धी भाकर वाढली, सवयीने तुपाची वाटी उचलली, आणि तशीच खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला. "सुया सोसतो मी," त्या मला म्हणाल्या, "पण ह्यायचं हे अर्ध्या भाकरीवर उठणं पाहवत नाही."

साडभाऊ तिकडे मोरीत हात धूत होते. त्यांचा शर्ट पाठीवर ढगळ लोंबत होता. पोटावर ताणलेला, बटणं तुटायला आलेला तो शर्ट मला इतका आवडायचा, हे मला तेव्हा कळलं.